मूळगाठ सूत्रकृमी : एकाच वाणावर विसंबू नये

पंचगंगेच्या काठच्या मळ्यांत टोमॅटो अगर वांग्याचे झाड पाणी असूनही दुपारी मान टाकू लागले, तर ते उपटून पाहावे. मुळांवर गाठी आढळल्यास मूळगाठ सूत्रकृमीचा उपद्रव समजावा.

या कृमीचा सुमारे १ मिलिमीटर लांबीचा एक निरुपद्रवी भाऊबंद शास्त्रज्ञांनी कसून अभ्यासला असून, १९९८ मध्ये त्याचा संपूर्ण आनुवंशिक लेख वाचून झाला. पेशीतील डीएनए म्हणजे जणू जिवाचा सात-बारा. अतिनील किरणांनी वा रसायनांनी त्यातील नोंदी बिघडल्या, तर काही जनुके त्या दुरुस्त करतात. ही जनुके निकामी झाल्यास चुका पिढ्यानपिढ्या साठतात. दुरुस्ती चालू असली तरी एखादी चूक निसटतेच, आणि तीतून क्वचित नवा गुण उपजतो.

मूळगाठ कृमीची मादी नराशिवाय शेकडो अंडी घालते. एकच प्रतिकारक टोमॅटो वारंवार लावल्यास त्यास दाद न देणारे कृमी मागे उरून वाढतात. यास्तव उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी, पिकांची फेरपालट करावी, मध्ये झेंडू घ्यावा व निरोगी मुळांचीच रोपे लावावीत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंस गाठी प्रत्यक्ष मूळ उपटून दाखवाव्यात.