काचपेटीतला समुद्र आणि शेवाळाचा उपद्रव

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. गोड्या पाण्याच्या पेटीपुढची पायरी म्हणजे खाऱ्या पाण्याची पेटी, आणि त्याच्याही पुढची, सर्वांत अवघड पायरी म्हणजे जिवंत प्रवाळांची पेटी. समुद्रातला जिवंत खडक, भरपूर प्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साधनांवर अशी पेटी चालू शकते, हे इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लेख लिहून जगापुढे मांडले. त्यानंतर युरोप-अमेरिकेत या छंदाला शास्त्राचे रूप आले.

परंतु साधने कितीही सुधारली तरी एक अनुभव अजून कोणाला चुकलेला नाही. पेटी भरून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच वाळूवर तपकिरी थर चढतो. तो जातो न जातो तोच खडकांवर हिरव्या केसांचे झुपके दिसू लागतात. हौशी माणूस घाबरतो आणि दुकानातून औषधाची बाटली आणतो. पुष्कळदा शेवाळाने नव्हे, तर या बाटलीनेच पेटीतील जीव दगावतात. हे शेवाळ येते का आणि ते आवरावे कसे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रिकाम्या जमिनीत तण

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शेवाळ हा प्रवाळाचा जन्मजात वैरी नव्हे. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. प्रकाशाच्या मदतीने ते जे अन्न तयार करते, त्यावर प्रवाळाचा मोठा निर्वाह चालतो. तेव्हा प्रश्न शेवाळ असण्याचा नसून ते मोकाट सुटण्याचा आहे.

नांगरून ठेवलेल्या पण न पेरलेल्या शेतात पहिल्या पावसाबरोबर तण उगवते, तशीच नव्या पेटीची अवस्था असते. खडक उघडा असतो, वाळू निर्जीव असते, आणि माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जीवाणू पुरेसे वाढावयास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत जागा, प्रकाश आणि खत या तिन्ही गोष्टींना वारस नसतो.

हे पाहुणे बहुधा ठरावीक क्रमाने येतात. प्रथम येतात डायटम. त्यांचे कवच सिलिकाचे असते. नळाच्या पाण्यातील सिलिकेटवर ते वाढतात आणि ते संपले की बहुधा आपोआप ओसरतात. मग लालसर, बुळबुळीत चादरीसारखे पसरणारे नील-हरित शैवाल येते. नावात शैवाल असले तरी ते खरे तर जीवाणूंच्या कुळातले आहे. त्यानंतर केसांसारखे हिरवे शेवाळ येते, आणि कधी कधी हिरव्या मण्यांसारखे दिसणारे व्हॅलोनिया. या व्हॅलोनियाचा एकेक मणी म्हणजे एकच प्रचंड पेशी असते, हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे असे आहे. पहिल्या दोघांना थोडा धीर धरला की पुष्कळदा वाट मिळते. केसाळ शेवाळ मात्र खत मिळत असेपर्यंत हलत नाही.

चिमूटभर खाद्याचा हिशेब

हे खत येते कोठून? आपल्याच हातून. समजा, पेटी २०० लिटरची आहे आणि माशांना रोज १ ग्रॅम कोरडे खाद्य घातले जाते. खाद्यात फॉस्फरस १ टक्का धरला, तर १ ग्रॅम खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट पाण्यात येऊ शकते. आठवड्याचे झाले २१० मिलिग्रॅम. २०० लिटरला भागले असता लिटरमागे १ मिलिग्रॅमहून थोडे अधिक. प्रवाळ पाळणारे लोक फॉस्फेट लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवू पाहतात. यातला निम्मा भाग माशांच्या अंगी लागला असे मानले, तरी एका आठवड्यात मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर साचलेल्यापैकी दहावा हिस्साच बाहेर जातो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे.

नायट्रोजनला निदान एक पळवाट आहे. खडकाच्या आत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथील जीवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फरसला अशी वायुरूपाची वाट नाही. तो कोणी तरी बाहेर काढल्याशिवाय पेटीतून जात नाही. शिवाय तो चुनखडीच्या खडकाला चिकटतो आणि पुढे महिनोन्‌महिने हळूहळू सुटत राहतो. म्हणून कित्येकदा पाण्याची चाचणी फॉस्फेट शून्य दाखवते आणि डोळ्यांसमोर शेवाळ तर वाढत असते. फॉस्फेट नाहीसे झालेले नसते. पाण्यात उतरताच शेवाळाने ते गिळलेले असते.

समुद्राने दिलेल्या दोन साक्षी

पेटीत जे घडते ते खऱ्या समुद्रातही घडलेले आहे. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात अनेक वर्षे शहराचे सांडपाणी सोडले जात होते. तेथे डिक्टिओस्फेरिया नावाच्या हिरव्या शेवाळाने प्रवाळांवर पांघरूण घातले. १९७७-७८ मध्ये सांडपाणी खोल समुद्राकडे वळवण्यात आले आणि पुढील काही वर्षांत ते शेवाळ बरेच घटले. ही खताची साक्ष झाली.

दुसरी साक्ष कॅरिबियन समुद्राची. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे अतिरिक्त मासेमारीने आधीच विरळ झाले होते. चराईचे काम डायाडेमा नावाच्या लांब काट्यांच्या सी-अर्चिनवर येऊन पडले होते. १९८३-८४ मध्ये एका साथीत हे प्राणी जवळजवळ सगळे मेले. १९७० च्या दशकाअखेरीस तेथील समुद्रतळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. १९९० च्या दशकारंभी तो ५ टक्क्यांच्याही खाली आला आणि मोठ्या शेवाळांचा वाटा ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेला. या ऱ्हासात १९८० च्या ॲलन चक्रीवादळाचाही हात होता. परंतु वादळानंतर प्रवाळांना पुन्हा उभे राहू देणारे चरणारे तोंडच उरले नव्हते.

उपाय कोणते आणि कोणत्या क्रमाने

या दोन साक्षींवरून उपायांची दिशा ठरते: खत कमी करणे, चरणारे ठेवणे आणि साचलेले बाहेर काढणे.

पहिला उपाय पाण्याचा. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट कमीअधिक असतातच. म्हणून उलट्या परासरणाने, म्हणजे आर. ओ. यंत्राने, व त्यापुढे आयन-विनिमयाने शुद्ध केलेल्या पाण्यात तयार सागरी क्षार लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने मिसळावे. किनाऱ्यावरून पाणी आणणाऱ्यांनी पावसाळ्यात तसे करू नये. नद्यांच्या पुरामुळे त्या दिवसांत ते पाणी गढूळ व कमी खारट झालेले असते.

दुसरा उपाय हाताचा. शेवाळ बोटांनी उपटावे, ब्रशने घासावे आणि नळीने ओढून पेटीबाहेर टाकावे. घासून तेथेच सोडले तर ते कुजून त्याचे पुन्हा खत होते. बाहेर टाकलेल्या प्रत्येक मुठीबरोबर फॉस्फरस बाहेर जातो. म्हणून हे काम हलके समजू नये.

तिसरा, खाद्य आणि प्रकाश यांचा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच खाद्य घालावे. पेटीत एकही प्रवाळ नसताना दिवा दिवसभर जाळण्यात अर्थ नाही. तो आठ तासांच्या आसपास आणावा आणि पेटी उन्हाच्या खिडकीजवळ ठेवू नये.

चौथा, चरणाऱ्यांचा. ट्रोकस व टर्बो जातीच्या गोगलगाई, लहान सी-अर्चिन आणि खडक खरवडणारा ब्लेनी मासा ही कामाची मंडळी होत. मात्र त्यांना थोडी थोडी आणावी. शेवाळ संपले की तीच उपाशी मरतात आणि त्यांच्या कुजण्याने पुन्हा शेवाळ येते.

पाचवा उपाय म्हणजे काट्याने काटा काढणे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास प्रवाळांची मोठी पेटी चालवली. तिच्या पाण्यातील खत काढण्यासाठी त्यांनी जाळ्यांवर मुद्दाम शेवाळ वाढवले आणि ते वेळोवेळी खरवडून टाकले. आज पुष्कळ जण वेगळ्या लहान टाकीत कीटोमॉर्फा नावाचे शेवाळ वाढवून हेच साधतात. फेसाबरोबर सेंद्रिय घाण काढणारे प्रोटीन स्किमर आणि फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाचे ऑक्साइड यांचीही जोड मिळते.

शून्याचा हव्यास

तांब्याची औषधे शेवाळ मारतात, पण गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळ यांनाही मारतात. रोग परवडला पण औषध नको, असा हा प्रकार. दिवे तीन दिवस बंद ठेवल्याने शेवाळ मरते, पण त्यातले खत पाण्यातच राहते.

दुसरे टोकही तितकेच वाईट. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याच्या हट्टाने प्रवाळ फिकट पडतात. रिकाम्या झालेल्या जागेत पुष्कळदा डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, तारेसारखे लोंबणारे सूक्ष्मजीव शिरतात, असा पेटी राखणाऱ्यांचा अनुभव आहे. त्यांच्या काही जाती इतक्या विषारी असतात की त्या खाऊन गोगलगाई मरतात. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात! थोडे खत हवेच. ते खाणारेही हवेत आणि ही घडी बसण्यासाठी सहा महिने ते वर्षभराचा काळही हवा.

शेवटी आपल्या किनाऱ्याविषयी. मालवणच्या पाण्यात, कर्नाटकातील नेत्राणी बेटाभोवती आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश आहे. हौसेपोटी ती तोडून आणणे हा गुन्हा आहे. पेटी करावयाची असेल त्याने कृत्रिम खडक, मोजके मासे आणि गोगलगाई यांवर सुरुवात करावी. वर सांगितलेला सारा हिशेब तेथेही शिकता येतो. तो शिकलेल्या विद्यार्थ्याला नाल्याचे तोंड समुद्रात उघडणे किंवा चरणारे मासे संपवणे याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. काचपेटीतले पाणी बिघडले तर बदलता येते. अरबी समुद्राचे पाणी बदलून द्यावयास कोणी येणार नाही.