लपणारा टप

संपादकांना कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यावर लेख हवा होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये कंपनी काढली आणि 1947 पासून कुर्ल्यात क्रायसलरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्यांची जुळणी सुरू झाली. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला ओढ लागली ती त्याच काळातल्या उघड्या, ऐटबाज अमेरिकी गाड्यांची.

त्यांच्या देखणेपणातलं खरं कोडं एकच: उघडलेला टप ठेवायचा कुठे? पाठीवर कापडाचं गाठोडं आलं की गाडीची सगळी ऐट जाते. जनरल मोटर्सने 1927 मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली गाड्यांच्या रूपासाठी स्वतंत्र विभाग उघडला. अर्लने 1938 च्या ब्युइक वाय-जॉबमध्ये टप धातूच्या झाकणाखाली दडवला. पुढे 1948 च्या कॅडिलॅकला शेपटीचे पंख फुटले आणि 1959 मध्ये ते गगनाला भिडले.

1961 च्या लिंकन कॉन्टिनेंटलमध्ये एल्वूड एंगेलने असली सगळी सजावट बाजूला सारली. चार दारं आणि पुढून मागेपर्यंत एक सरळ, शांत रेघ. ही शांतता राखायला आत मात्र केवढी लगबग! बटण दाबलं की डिकीचं झाकण मागच्या बिजागऱ्यांवर उलटं उघडतं, समोरच्या काचेवरची पकड सुटते, टप दुमडून अख्खा डिकीत उतरतो आणि झाकण मिटतं. मोटर, तेलाच्या दाबावरचे सिलिंडर, रिले, लिमिट स्विच सारे ठरलेल्या क्रमाने चालतात. एक पायरी पुरी झाल्याची खूण मिळाल्याखेरीज पुढची सुरू होत नाही.

म्हणूनच एक स्विच गंजला तरी टप अर्ध्यावर अडकतो. मुंबईची खारी, दमट हवा तर या यंत्रणेची वैरीणच. रबरी सील कडक होतात, कापडाला बुरशी लागते, रिलेचे पॉइंट काळे पडतात. शिवाय 1953 च्या धोरणानंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा उरली नाही; जनरल मोटर्सनेही शिवडीचा कारखाना बंद केला. मोठ्या अमेरिकी गाड्यांचे सुटे भाग त्यामुळे दुर्मीळच राहिले. मग भिस्त उरते ती डेंटर, हूड शिवणारा आणि वायरमन यांच्या हातांवर. त्या हातांची विद्या कागदावर नाही.

म्हणून जुन्या गाड्यांच्या रॅलीत बक्षीस नुसता रंग आणि क्रोम पाहून देऊ नये. परीक्षकांनी आधी टप उघडून, मिटवून दाखवायला सांगावं. आणि मालकांनी आपल्या जुन्या कारागिराच्या हाताखाली एक तरुण, पगार देऊन, आजच बसवावा.