संगणकावरील तात्काळ संदेशवहन : प्रारंभ, कार्यपद्धती आणि अध्यापकांनी घ्यावयाची दक्षता

प्रस्तावना :

महाविद्यालयातील सूचना पूर्वी शिपायाच्या हातातील सूचनावहीतून फिरत असे. प्रत्येक अध्यापक सूचना वाचून तीवर स्वाक्षरी करी आणि वही पूर्ण भरली की ती कार्यालयाच्या कपाटात जमा होई. सूचना कोणी काढली, ती कोणी वाचली आणि तिची नोंद कोठे आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका वहीत मिळत. आज तीच सूचना तात्काळ संदेशसेवेद्वारे क्षणार्धात साऱ्या विभागात पोहोचते. पाठवणारा कळतो, वाचणारेही बहुधा कळतात. मात्र नोंद कोठे आहे, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

प्रस्तुत लेखात टेबलावरील संगणकावर तात्काळ संदेशवहन, म्हणजेच रूढ भाषेतील इन्स्टंट मेसेजिंग, कसे सुरू करावे आणि ते कसे चालते याचे विवेचन केले आहे. सेवा निवडण्यापूर्वी ‘पत्ता कोणाचा आणि नोंद कोठे’ हा प्रश्न विचारणे हीच या कामाची खरी पहिली पायरी होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

संकल्पना आणि कार्यपद्धती :

ई-मेल हे पत्रासारखे असते. पाठवणाऱ्यास समोरची व्यक्ती त्या क्षणी कोठे आहे हे ठाऊक नसते. तात्काळ संदेशवहन हे संभाषणासारखे असते. त्याचे तीन घटक मानता येतील. पहिला घटक म्हणजे वापरकर्त्याची ओळख किंवा पत्ता, दुसरा म्हणजे परिचितांची यादी आणि तिसरा म्हणजे उपस्थितीदर्शन. यादीतील व्यक्ती संगणकासमोर आहे, कामात आहे की दूर गेली आहे, हे नावाशेजारील खुणेवरून समजते. ई-मेलपेक्षा या माध्यमाचे वेगळेपण मुख्यतः या तिसऱ्या घटकात आहे.

संदेश पाठवणाऱ्याच्या संगणकावरून निघून थेट दुसऱ्याच्या संगणकावर जातो असे वरकरणी वाटते. सामान्यतः तसे घडत नाही. तो प्रथम सेवा चालवणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरकडे जातो आणि तेथून पुढे पोहोचवला जातो. समोरची व्यक्ती जोडलेली नसल्यास सर्व्हर संदेश राखून ठेवतो व ती व्यक्ती जोडली जाताच तो तिच्या स्वाधीन करतो. म्हणजेच प्रत्येक संभाषणात न दिसणारा एक तिसरा पक्ष असतो. त्याला संदेश वाचता येतो की नाही, तो संदेश किती काळ ठेवतो आणि त्याने दुकान बंद केले तर काय होते, हे प्रश्न येथूनच उद्भवतात.

पूर्वपीठिका :

या माध्यमाचा आरंभ मोबाईलच्या फार पूर्वीचा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकीय शिक्षणप्रणालीवर १९७३ मध्ये ‘टॉकोमॅटिक’ हा एकाच वेळी अनेकांना परस्परांशी लिहून बोलू देणारा कार्यक्रम चालत असे. १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘आयआरसी’ ही प्रणाली निर्माण केली. हे दोन्ही प्रयोग विद्यापीठांच्या आवारात झाले, ही बाब अध्यापकवर्गाने लक्षात घेण्याजोगी आहे.

सामान्य वापरकर्त्यापर्यंत हे माध्यम १९९६ मध्ये ‘आयसीक्यू’ या इस्रायली कार्यक्रमाने पोहोचवले. त्यानंतर १९९७ मध्ये ‘एआयएम’, १९९८ मध्ये पुढे ‘याहू मेसेंजर’ म्हणून ओळखली गेलेली सेवा, १९९९ मध्ये ‘एमएसएन मेसेंजर’, २००३ मध्ये ‘स्काइप’ आणि २००५ मध्ये ‘गूगल टॉक’ या सेवा आल्या. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते. परदेशी गेलेल्या मुलांशी बोलण्यासाठी सायबर कॅफेत जाऊन ‘याहू’वर खाते उघडणारे पालक त्यानंतरच्या दशकात मराठी शहरांतही दिसू लागले.

यांपैकी आज काय उरले आहे? ‘एमएसएन मेसेंजर’चा उत्तराधिकारी कार्यक्रम २०१३ मध्ये बहुतेक देशांत बंद झाला. ‘एआयएम’ डिसेंबर २०१७ मध्ये, ‘याहू मेसेंजर’ जुलै २०१८ मध्ये, ‘आयसीक्यू’ जून २०२४ मध्ये आणि ‘स्काइप’ मे २०२५ मध्ये बंद झाले. एकेकाळी कोट्यवधी लोकांच्या नित्य वापरातील या सेवा होत. त्या बंद झाल्या तेव्हा त्यांवरील ओळखी निरुपयोगी झाल्या आणि ज्यांनी आपले जुने संभाषण वेळीच उतरवून घेतले नाही, त्यांच्या हाती फारसे काही उरले नाही. कपाटातील सूचनावहीवर अशी वेळ सहसा येत नाही.

पत्ता कोणाचा? :

ओळखीच्या स्वरूपावरून या सेवांचे वर्गीकरण करता येते. ‘आयसीक्यू’ प्रत्येकास एक क्रमांक देत असे. ‘एआयएम’मध्ये वापरकर्ता स्वतःसाठी टोपणनाव निवडत असे. ‘गूगल टॉक’साठी ई-मेलचा पत्ता लागे. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॉट्सॲप’ने मोबाईल क्रमांकालाच ओळख मानले. या शेवटच्या पद्धतीमुळे प्रारंभ अत्यंत सोपा झाला. परंतु अध्यापकाचा खाजगी क्रमांक हाच त्याचा कार्यालयीन पत्ताही झाला. गटामध्ये सदस्यांचे क्रमांक सामान्यतः परस्परांना दिसत असल्यामुळे, वर्गाचा गट करणे म्हणजे विद्यार्थिनींचे खाजगी क्रमांक साऱ्या वर्गास देणे ठरू शकते. ही बाब गट करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

याला पर्याय आहेत. ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ किंवा ‘गूगल चॅट’ यांसारख्या सेवा महाविद्यालयाने दिलेल्या ई-मेल खात्यावर चालवता येतात. तेथे पत्ता संस्थेचा असतो. अध्यापक निवृत्त झाला किंवा त्याची बदली झाली तरी विभागाची नोंद संस्थेकडे राखता येते. मात्र संस्थेच्या व्यवस्थापकास अशा खात्यावरील मजकूर पाहण्याची सोय असू शकते, हेही विसरू नये.

तिसरा मार्ग खुल्या मानकांचा आहे. १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जाहीर केलेल्या ‘जॅबर’ प्रकल्पातून पुढे ‘एक्सएमपीपी’ हे मानक तयार झाले. ज्याप्रमाणे एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ई-मेलवर पत्र जाते, त्याप्रमाणे या मानकानुसार वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात. जाणकार तंत्रज्ञ उपलब्ध असल्यास महाविद्यालयाला स्वतःचा असा सर्व्हर चालवता येतो. ‘गूगल टॉक’ने प्रारंभी हेच मानक स्वीकारले होते, परंतु २०१३ नंतर तिची जागा घेणाऱ्या ‘हँगआउट्स’ने ही देवाणघेवाण पुढे चालू ठेवली नाही.

प्रत्यक्ष प्रारंभ :

सेवा निश्चित झाल्यावर पुढील क्रम अनुसरावा.

१) कार्यक्रम संबंधित सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा संगणकप्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावा. शोधयंत्रात दिसलेल्या पहिल्या दुव्यावर विसंबून राहू नये.

२) संस्थेच्या खात्यावरील सेवेसाठी ई-मेल व पासवर्ड देऊन प्रवेश करावा आणि द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. मोबाईल क्रमांकावरील ‘व्हॉट्सॲप’ संगणकावर आणण्यासाठी संगणकाच्या पडद्यावर चौकोनी क्यूआर संकेत उघडावा, मोबाईलमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ हा पर्याय निवडावा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने तो संकेत टिपावा. अशा रीतीने मुख्य मोबाईलखेरीज चार उपकरणे जोडता येतात. मोबाईल १४ दिवसांहून अधिक काळ वापरला गेला नाही, तर ही जोडणी आपोआप सुटते.

३) नाव, विषय व विभाग स्पष्ट लिहावा. टोपणनावाने आलेली सूचना विद्यार्थ्यांना संभ्रमात टाकते.

४) उपस्थितीची खूण आणि सूचनाध्वनी यांची रचना प्रथम दिवशीच करावी. व्याख्यानाच्या वेळी संगणक प्रक्षेपकाला जोडलेला असल्यास येणारा खाजगी संदेश पडद्यावर संपूर्ण वर्गासमोर उमटतो.

५) एका सहकाऱ्यास चाचणीसंदेश पाठवावा. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. या कार्यक्रमांत ‘एंटर’ कळ दाबताच संदेश सामान्यतः रवाना होतो. नवी ओळ हवी असल्यास ‘शिफ्ट’सह ‘एंटर’ दाबावी लागते. टंकलेखनाच्या जुन्या सवयीमुळे अर्धवट सूचना पाठवली जाण्याचे हे नेहमीचे कारण होय.

मराठी मजकुराचा प्रश्न :

अनेक महाविद्यालयांत प्रश्नपत्रिका व अहवाल अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित होतात. या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. केवळ त्यांचे चित्र देवनागरी असते. असा मजकूर संदेशपेटीत चिकटवल्यास समोरच्यास निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणून संदेशासाठी युनिकोडच वापरणे अपरिहार्य आहे. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये समाविष्ट आहे. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडल्यास इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, तर २०१९ पासून ‘विंडोज १०’मध्ये उच्चारानुसारी मराठी कळफलकही उपलब्ध झाला. रोमन लिपीतून मराठी लिहिण्याची सवय अध्यापकांनी, विशेषतः भाषेच्या अध्यापकांनी, जोपासू नये.

सामायिक संगणक आणि गोपनीयता :

‘व्हॉट्सॲप’वरील वैयक्तिक संदेश २०१६ पासून दोन टोकांमध्ये कूटबद्ध असतात, मधल्या सर्व्हरला ते वाचता येत नाहीत. ‘सिग्नल’ची रचनाही अशीच आहे. ‘टेलिग्राम’वर मात्र नेहमीचे संभाषण या पद्धतीने कूटबद्ध नसते, त्यासाठी गुप्त संभाषणाचा वेगळा पर्याय निवडावा लागतो.

तथापि कूटबद्धता केवळ वाटेवरचे संरक्षण करते. अध्यापककक्षातील एकच संगणक दहा जण वापरतात. तासाची घंटा झाली म्हणून कोणी जोडणी न तोडता उठून गेल्यास पुढील व्यक्तीसमोर सारे संभाषण उघडे असते. एखाद्या विद्यार्थिनीने शुल्काची अडचण, घरचा विरोध किंवा आजार विश्वासाने कळवलेला असतो. तो मजकूर अशा वेळी परक्याच्या नजरेस पडतो. गहाळ झालेली सूचना पुन्हा काढता येते, तुटलेला विश्वास तसा सांधता येत नाही. म्हणून काम संपताच ‘लॉग आउट’ करावे, संगणकास पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नये आणि मोबाईलवरील जोडलेल्या उपकरणांची यादी आठवड्यातून एकदा तपासून अनोळखी नोंद काढून टाकावी.

निष्कर्ष :

तात्काळ संदेशवहन सुरू करण्यास दहा मिनिटे पुरतात. ते विचारपूर्वक सुरू करण्यासाठी मात्र विभागाची एक बैठक आवश्यक आहे. त्या बैठकीत तीन गोष्टी ठराव्यात. कार्यालयीन संदेशासाठी शक्यतो संस्थेचा पत्ता वापरावा. उपस्थितीची खूण दिसते म्हणून अध्यापक रात्री अकरा वाजताही उत्तरास बांधील ठरत नाही. यासाठी वेळ निश्चित करावी. परीक्षा, प्रवेश व गुण यांविषयीची प्रत्येक सूचना संदेशाबरोबरच ई-मेलने किंवा कागदावर, दिनांक व स्वाक्षरीसह, जतन करावी. सेवा येतात आणि जातात. गेल्या तीन दशकांचा इतिहास त्याची साक्ष देतो. निरोप जलद पोहोचवण्यासाठी नवे माध्यम जरूर स्वीकारावे. परंतु सूचनावही बंद करू नये.