कागदावरचं होकायंत्र

या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटाच्या कैदी बायकांच्या फॅक्टरीत शिरायचं, असं मी कबूल केलं होतं. पण साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि ते बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. "‘क्वीन’वरचे कैदी चालत चीनला निघाले, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. माणसं इतकी भोळी कशी असतील?" असं ते विचारतात. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही हसू आलं होतं. पुढे त्याच्या आजूबाजूचं वाचत गेलो, आणि ते हसू मावळलं.

तारीख १ नोव्हेंबर १७९१. आयर्लंडहून कैदी घेऊन आलेलं ‘क्वीन’ हे जहाज सिडनीला लागून जेमतेम पाच आठवडे झाले होते. त्यातले वीस पुरुष आणि एक गरोदर बाई आठवड्याचा शिधा, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि कामाची अवजारं घेऊन रानात शिरले. चीन उत्तरेला आहे, फार तर शंभर मैल, मध्ये एक नदी लागते, ती ओलांडली की झालं, असा त्यांचा हिशोब होता. त्या बाईची आणि बरोबरच्यांची चुकामूक झाली. तीन दिवस ती एकटीच भटकत होती, तेव्हा एका होडीतल्या लोकांना सापडली. बाकीच्यांपैकी बहुतेक एकेक करून हाती लागले. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही. काहीजण झुडपांची फुलं चोखून आणि रानातली बोरंबिरं खाऊन जगले होते.

वॉटकिन टेंच या मरीन अधिकाऱ्याने त्यांच्यापैकी काहींना स्वतः गाठून विचारलं. आधी त्यांनी चीनची गोष्ट सरळ कबूल केली. ऐकणारे हसायला लागले तेव्हा मात्र ते ओशाळले आणि म्हणाले, आम्ही पळालो ते कामाच्या रगाड्यामुळे आणि जाचामुळे. इथे परत येण्यापेक्षा रानातले हाल पत्करले. टेंचच्या वृत्तांतातला हा भाग मी कितीदा वाचला असेल! लोक पहिलं उत्तर सांगतात आणि दुसरं गाळतात. मला दोन्ही उत्तरं खरी वाटतात. निघायचं कारण दुसरं होतं. चीन ही फक्त दिशा होती.

आणि ती दिशा त्यांना सुचली कुठून? माझा तर्क असा. कैदी उतरवून रिकामी झालेली जहाजं पुढे कुठे जात, ते बंदरात सगळ्यांना दिसत होतं. १७८८च्या पहिल्या ताफ्यातली काही चहा भरायला थेट कँटनला गेली. १७९१च्या तिसऱ्या ताफ्यातली काही कापसासाठी आपल्या मुंबईला आली. खलाशांच्या तोंडी सतत चीन, हिंदुस्थान, परतीचा माल. ज्याने नकाशा कधी पाहिलेला नाही, त्याने हे ऐकून चीन जवळच असणार असं धरलं, तर त्यात वेडेपणा कुठे आहे? आयर्लंडमधल्या कॉर्कहून निघाल्यावर महिनोन्‌महिने ज्यांनी जहाजाच्या पोटात काढले, त्यांना आपण पृथ्वीच्या कुठल्या टोकाला आलो हे कोणी सांगितलं होतं?

कामाचा रगाडा हे निमित्त नव्हतं, याचा पुरावा वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याने लिहून ठेवला आहे. ‘क्वीन’वरून आलेल्या १२२ पुरुषांपैकी मे १७९२च्या सुरुवातीला ५० जिवंत उरले होते. उतरल्यापासून आठ महिनेही पुरे झाले नव्हते. पत्र लिहिणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडे जरा वेळ पाहावं.

दुसरी गोष्ट कागदाची. आयर्लंडहून कैदी पाठवताना कुणाला कधी आणि किती वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या याद्या वेळेवर येतच नसत. गव्हर्नर हंटरने पुढे लंडनला याची कडक तक्रार केली. म्हणजे सात वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाने सात वर्षं मोजून काढली, तरी "मी आता सुटलो" हे तो कशाच्या आधारावर म्हणणार? आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यासाठी खेटे घातलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. इथे तर त्या कागदावर जमीन नव्हे, आख्खा माणूस अडकला होता.

म्हणून चीन मागे पडला, तरी निघणं थांबलं नाही. १७९८च्या सुमाराला आयरिश कैद्यांमध्ये नवी वदंता पसरली: नैर्ऋत्येला तीन-चारशे मैलांवर गोऱ्या लोकांची एक वस्ती आहे. वाट कशी काढायची याच्या लेखी सूचना आणि सोबत कागदावर काढलेलं होकायंत्र, असा ऐवज तेव्हा सापडला. मी एकदा तसं चित्र काढून ते हातात धरून अंगणात फिरलो. ज्या बाजूला वळावं त्या बाजूला कागदावरची उत्तर येते. ते चित्र ज्याने काढलं त्याने खरं होकायंत्र कुठेतरी नीट पाहिलं असणार. त्यातली सुई हलते कशाने, तेवढं त्याला कळलं नव्हतं.

हंटरने मग वेगळाच उपाय केला. चार कैदी निवडायला लावले आणि जा, स्वतः बघून या, म्हणून सांगितलं. बरोबर शिपाई दिले, वाटाड्या म्हणून जॉन विल्सन हा माजी कैदी दिला. शिक्षा संपल्यावर विल्सन तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये जाऊन राहिला होता, ते रान त्याच्या पायाखालचं होतं. डोंगराच्या पायथ्याशीच तिघे थकले आणि शिपायांबरोबर माघारी फिरले. विल्सन, चौथा कैदी आणि हंटरचा नोकर जॉन प्राइस पुढे गेले. वस्ती नव्हतीच. पण प्राइसने रोजनिशी ठेवली. २६ जानेवारी १७९८च्या नोंदीत त्याने एका प्राण्याबद्दल लिहिलं आहे, मूळ रहिवासी त्याला ‘कुल्लावाईन’ म्हणतात. कोआलाची युरोपीय माणसाने केलेली ही पहिली नोंद.

फॅक्टरीचं दार पुढच्या आठवड्यात उघडू.