मत्स्यालयाची राखण : वीजमापक आणि इशाऱ्याच्या मर्यादा

शनिवारी दुपारी शाळेला कुलूप लागते. ते सोमवारी सकाळी उघडते. मधल्या सुमारे ४० तासांत काचेच्या टाकीतील माशांचे जीवन दोन-तीन लहान विद्युत-उपकरणांवर अवलंबून असते. पंप पाणी गाळणीतून फिरवितो आणि पृष्ठभाग हलता ठेवून हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास साहाय्य करतो. हीटर थंडीच्या दिवसांत पाणी कोमट राखतो. यांपैकी एखादे बिघडल्यास ते कळावे कसे? प्लग व उपकरण यांच्यामध्ये बसविता येणारा वीजमापक येथे उपयोगी पडतो. उपकरण किती वॉट शक्ती घेते हे तो सतत मोजतो आणि ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली जाताच मोबाइलवर इशारा पाठवितो. मात्र मर्यादा कोठे असावी, हे माणसानेच ठरवावयाचे असते.

प्रथम पंपाचा विचार करू. उपकरणावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. ते स्वच्छ असताना आठवडाभर प्रत्यक्ष नोंद घ्यावी. समजा, नोंद १७ ते १९ वॉट आली. मग खालची मर्यादा १४ आणि वरची २३ ठेवता येईल. मर्यादा दोन्ही बाजूंस हव्यात. पंप बंद पडला तर आकडा शून्यावर येतो. गाळणी तुंबली किंवा पंप कोरडा फिरू लागला, तर त्याला पाणी कमी ढकलावे लागते आणि आकडा बहुधा उतरतो. उलट, पंपाचे चाक कचऱ्याने अडकल्यास तो बहुधा चढतो. क्षणिक चढउतारांनी इशारा वाजू नये, म्हणून मापन पाच मिनिटे मर्यादेबाहेर राहिले तरच इशारा यावा. वारंवार खोटा इशारा आला, तर खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी लक्ष देत नाही.

हीटरचे गणित निराळे आहे. त्याची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १०० वॉट घेणारा हीटर दाब १० टक्क्यांनी उतरून २०७ व्होल्ट झाल्यास ८१ वॉटच घेतो. तितकाच दाब चढल्यास १२१ वॉट घेतो. हीटर निर्दोष असूनही हा फरक पडतो. म्हणून त्याच्या मर्यादा ७५ ते १३० वॉट अशा ऐसपैस हव्यात. शिवाय हा १९ वॉटचा चढउतार वरील पंपाच्या एकूण शक्तीएवढा आहे. दोन्ही उपकरणे एकाच मापकावर जोडली, तर पंप बंद पडल्याचे ध्यानातही येणार नाही. यास्तव प्रत्येक उपकरणास स्वतंत्र मापक असावा.

हीटर तापमानानुसार आपोआप चालू-बंद होत असल्याने त्याचा शून्य वॉट हा आकडा दोष दाखवीत नाही. खरा धोका तापनियंत्रकाचा खटका चिकटून बसण्यात आहे. अशा वेळी मापक १०० वॉटच दाखवितो. आकडा मर्यादेतच असतो आणि पाणी मात्र तापत राहते. येथे वॉटपेक्षा वेळ महत्त्वाचा ठरतो. १०० लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ४,१९,००० जूल ऊर्जा लागते. १०० वॉटचा हीटर, उष्णता बाहेर गेली नाही असे धरल्यास, ती सुमारे ७० मिनिटांत देतो. पाणी तापले की त्यातील विरघळलेला प्राणवायूही घटतो : हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात तो २० अंशांस लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम असतो, तर ३० अंशांस सुमारे ७.६. म्हणून हीटर सलग किती वेळ चालतो याची नोंद घ्यावी, आणि नेहमीच्या सर्वांत दीर्घ काळाहून थोडा अधिक काळ ही इशाऱ्याची मर्यादा ठेवावी. हा काळ सर्वत्र सारखा नसतो. दिल्लीच्या जानेवारीत हीटर तासन् तास चालेल. चेन्नईच्या मे महिन्यात तो कदाचित लागणारही नाही. ऋतू बदलला की मर्यादा पुन्हा तपासाव्यात.

वीजपुरवठाच खंडित झाला तर मापकही मुका होतो. म्हणून ठराविक वेळेत त्याच्याकडून वार्ता न आल्यास तोच इशारा ठरावा, अशी व्यवस्था शाळेच्या इमारतीबाहेर असली पाहिजे.

अखेर एक गोष्ट विसरता कामा नये. मापक उपकरणाने घेतलेली शक्ती दाखवितो. त्याने केलेले काम दाखवीत नाही. हवापंपाचा रबरी पडदा फाटला तरी त्याचा वॉटचा आकडा फारसा बदलत नाही. बुडबुडे मात्र थांबतात. म्हणून पाण्यात तापमापक असावा, आणि सुट्टीच्या दिवशी इशारा मिळताच शाळेत पोचू शकेल अशा व्यक्तीजवळ किल्ली असावी. इशारा ऐकून कोणी आलेच नाही, तर अचूक मर्यादाही माशांना वाचवू शकत नाही.