लाल डोळा, वाढता दाब

कुत्र्याचा डोळा लाल झाला की घरच्या घरी निदान होतं: डोळे आलेत. मग कधीतरी उरलेली ड्रॉप्सची बाटली शोधली जाते आणि दोन दिवस वाट बघू, असं ठरतं. काचबिंदू असेल तर तेवढी सवड नसते. दाब एकदम चढला, तर २४ ते ७२ तासांत नजर कायमची जाऊ शकते.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरून जातो. हा निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मागे मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूची हानी होते. बीगल, कॉकर स्पॅनियल, बॅसेट हाउंड, हस्की या जातींत ही खोड रक्तातच असते. पण गावठी कुत्रीही यातून सुटत नाहीत. गोचीड तापात डोळ्याच्या आत दाह होतो आणि त्यातूनही वाट बंद होऊ शकते. मांजरात काचबिंदू बहुतेकदा अशा जुन्या दाहामागूनच, गाजावाजा न करता येतो.

टॉर्च घेऊन बघावं. काचबिंदूत पांढऱ्या भागावरच्या शिरा जाड, तटतटलेल्या दिसतात, बुबुळावर निळसर धुरकटपणा येतो, बाहुली मोठी होते आणि उजेड पडला तरी आकसत नाही. दुखणं मात्र दिसत नाही. कुत्रा जेवण टाकतो, डोक्याला हात लावू देत नाही, नुसता पडून राहतो आणि घरचे म्हणतात, वय झालं त्याचं.

खात्री करायला दाब मोजावाच लागतो. त्यासाठी टोनोमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. एका प्रकारात बारीक सुईसारखी टोकाशी गोल असलेली कांडी बुबुळावर टेकून परत उडते, तीही इतक्या हलकेच की भूल द्यावी लागत नाही. साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा हा ठीक आकडा. अचानक आलेल्या काचबिंदूत तो ५० च्याही पुढे जातो. मात्र कुत्र्याला मानेला आवळून धरलं किंवा पापण्या जोरात ताणल्या, तर निरोगी डोळ्याचाही आकडा फुगतो. म्हणून धरणाऱ्याचा हात छातीपाशी हवा.

दोष जन्मजात असेल, तर दुसऱ्या डोळ्याकडे आजच बघावं लागतं. एका अमेरिकी अभ्यासात औषध न घातलेला दुसरा डोळा साधारण ८ महिन्यांत गेला. रोज थेंब घातलेल्या डोळ्यांनी अडीच वर्षं काढली.