कॉर्नवॉलचे मतदारसंघ: जागा, मते आणि परगण्याची सीमा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्याकडून अठराव्या शतकात कॉमन्स सभेवर 44 सभासद निवडून जात. 1707 च्या ऐक्यकरारान्वये संपूर्ण स्कॉटलंडच्या वाट्याला 45 जागा आल्या होत्या, आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम व लीड्स या वाढत्या शहरांना स्वतःचा असा एकही सभासद नव्हता. एवढी तुलना केली म्हणजे कॉर्नवॉलचे प्रकरण किती विलक्षण होते हे ध्यानात येते. या परगण्याच्या निवडणुकांचा इतिहास सामान्यतः दोन स्वतंत्र कथांच्या रूपाने सांगितला जातो. 1832 पूर्वीच्या भ्रष्ट बरोंची एक कथा, आणि त्यानंतरच्या उदारमतवादी परंपरेची दुसरी. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही कथांमागे प्रश्न एकच आहे: सभासद नेमका कशाचा प्रतिनिधी, स्थळाचा की मतदारांच्या संख्येचा?

वरील 44 जागांपैकी दोन परगण्याच्या होत्या व उरलेल्या 42 जागा एकवीस बरोंच्या, म्हणजे सनद मिळालेल्या नगरांच्या होत्या. लॉन्सेस्टन, लिस्कर्ड, लॉस्टविथिएल, बॉडमिन, हेल्स्टन व ट्रूरो ही सहा नगरे मध्ययुगापासून सभासद पाठवीत. उरलेल्या पंधरांना हा अधिकार ट्यूडर काळात मिळाला. लू नदीच्या दोन तीरांवरील ईस्ट लू व वेस्ट लू ही दोन वेगळी बरो गणली जात, आणि त्या एवढ्याशा वस्तीतून चार सभासद जात. राजसत्तेने डची ऑफ कॉर्नवॉलच्या द्वारे आपले हस्तक सभेत भरण्यासाठी ही बरो निर्माण केली, असे पूर्वीचे इतिहासकार मानीत. जे. ई. नील यांनी एलिझाबेथकालीन कॉमन्स सभेवरील आपल्या 1949 च्या ग्रंथात या मताला जोरदार हरकत घेतली. सभेत बसण्याची हौस व गरज जमीनदारवर्गालाच वाटू लागली होती आणि त्या मागणीच्या दडपणाखाली राणीने सनदा दिल्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते अधिक पटण्यासारखे आहे. मात्र डचीची मातब्बरी नसती तर हा ओघ नेमका कॉर्नवॉलकडेच का वळला असता, याचा उलगडा केवळ मागणीने होत नाही.

मताधिकाराचे नियम गावोगावी निराळे होते. ट्रूरो येथे मत केवळ नगरमंडळाच्या चोवीस जणांना, तर ट्रेगनी येथे ज्याची चूल स्वतंत्र त्या प्रत्येक गृहस्थाला. मताधिकार उदार म्हणून निवडणूक स्वच्छ, असे मात्र समजू नये. ट्रेगनीसारख्या ठिकाणी विकत घ्यावयाची मते अधिक, एवढाच काय तो फरक. जेथे मतदार थोडे तेथे एखादा उमराव संपूर्ण बरो खिशात बाळगी.

या व्यवस्थेची एक हकिगत मराठी वाचकाला जवळची वाटेल. कर्नाटकातील युद्धांत नाव व द्रव्य मिळवून स्वदेशी परतलेला रॉबर्ट क्लाइव्ह 1754 मध्ये लॉर्ड सँडविचच्या पाठिंब्याने मिचेल या कॉर्नवॉलमधील खेडेवजा बरोतून निवडून आला. प्रतिपक्षाने निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. अशा अर्जांचा निकाल त्या काळी न्यायालय देत नसे. तो सभाच देई, आणि पुराव्यापेक्षा पक्षबळ पाहून देई. समितीचा कौल क्लाइव्हच्या बाजूने पडला असताही सभेने तो फिरवला व 1755 च्या मार्चमध्ये त्याची जागा गेली. निवडणुकीत पैसाही बराच गेला होता. त्याच वर्षी तो पुन्हा हिंदुस्थानास निघाला, आणि 1756 च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनच्या आरमारासह तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर जो हल्ला झाला त्यात सैन्याचा प्रमुख म्हणून तो हजर होता. पुढील वर्षी प्लासी झाली. मिचेलच्या मूठभर मतदारांमुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जागा टिकली असती तर तो इतक्या लवकर परतता काय, ही शंका अस्थानी नाही.

सुधारणेचा पहिला घाव ग्रॅम्पाउंडवर पडला. तेथील लाचलुचपतीबद्दल सर मॅनासे लोपेझ यांना 1819 मध्ये कारावासाची शिक्षा झाली आणि 1821 मध्ये त्या बरोचा अधिकारच काढून घेण्यात आला. लॉर्ड जॉन रसेल यांना त्या दोन जागा लीड्सला द्यावयाच्या होत्या; लॉर्ड्स सभेने त्या यॉर्कशर परगण्याच्या पदरात टाकल्या. केवळ भ्रष्टाचारासाठी बरो रद्द करून त्याच्या जागा दूरच्या प्रदेशाला देता येतात, हे तत्त्व मात्र प्रस्थापित झाले. 1832 च्या कायद्याने तेरा बरो पूर्णपणे नाहीशी केली व चारांची एकेक जागा घटवली. परगण्याचे पूर्व व पश्चिम असे भाग करून प्रत्येकास दोन जागा दिल्या. एकूण संख्या 14 वर आली. 1885 च्या पुनर्रचनेत ती 7 झाली आणि 1918 मध्ये 5.

1885 ची पुनर्रचना अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. मताधिकार ग्रामीण मजुरांपर्यंत पोहोचला होता आणि एक सभासदाचा मतदारसंघ हा नियम झाला होता. या नियमाला सर्वांत ठाम विरोध करणारा गृहस्थ कॉर्नवॉलचाच होता. पेन्झान्स येथे जन्मलेले व लिस्कर्डचे प्रतिनिधित्व करणारे लेनर्ड कोर्टनी यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्व नाकारले गेले म्हणून 1884 मध्ये ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळातील आपल्या पदाचा राजीनामा दिला. एका जागेसाठी बहुमताची अट नसलेली स्पर्धा झाली, तर मतांचे लहानसे आधिक्य जागांचे प्रचंड आधिक्य होऊन बसते, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्याच परगण्याने पुढे त्याची प्रचीती आणून दिली.

1929 मध्ये कॉर्नवॉलच्या पाचही जागा उदारमतवादी पक्षाने जिंकल्या. देशात तो पक्ष तिसऱ्या क्रमांकावर घसरला असताना हे घडले. याची कारणे धर्मात व अर्थव्यवस्थेत शोधावी लागतात. जॉन वेस्ली 1743 मध्ये प्रथम येथे आला, आणि खाणकामगार व कोळी यांच्यात मेथडिस्ट पंथ खोल रुजला. प्रस्थापित चर्चविषयीचा दुरावा, मद्यपानबंदीचा पुरस्कार व प्रार्थनामंदिरांत मिळालेले सभाशास्त्राचे शिक्षण यांनी उदारमतवाद्यांना कार्यकर्ते पुरवले. 1860 नंतर तांब्याचा धंदा कोसळला, खाणकामगार परदेशी गेले, आणि मजूर पक्षाला जो संघटित वर्ग अन्यत्र लाभला तो येथे विरळ राहिला. बॉडमिनचे आयझॅक फुट हे या परंपरेचे नमुनेदार प्रतिनिधी. मेथडिस्ट, मद्यविरोधी व व्यवसायाने वकील असलेले हे गृहस्थ लंडनच्या गोलमेज परिषदेत उदारमतवाद्यांच्या वतीने बसले होते. मजूर पक्षाचे नेते मायकेल फुट हे त्यांचे चिरंजीव.

मात्र 'कॉर्नवॉल स्वभावतःच उदारमतवादी' हे वारंवार आढळणारे विधान तपासून घेतले पाहिजे. 1950 पासून 1964 पर्यंत या परगण्यातून एकही स्वतंत्र उदारमतवादी सभासद निवडून आला नाही. सेंट आइव्ह्ज येथे 'राष्ट्रीय उदारमतवादी' हे नाव चालू होते खरे, पण तो गट हुजूर पक्षाशी बांधलेला होता. 1964 मध्ये बॉडमिन, 1966 मध्ये नॉर्थ कॉर्नवॉल व 1974 च्या ऑक्टोबरमध्ये डेव्हिड पेनहॅलिगन यांच्या रूपाने ट्रूरो, असे पुनरागमन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत पॉल टायलर यांनी बॉडमिन अवघ्या 9 मतांनी जिंकले होते. आठ महिन्यांनी ते गेले.

यानंतरचे आकडे कोर्टनींच्या बाजूने साक्ष देतात. 2005 मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाने अर्ध्याहून कमी मतांवर पाचही जागा घेतल्या. 2010 मध्ये जागा 6 झाल्या व त्या हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांत तीन-तीन वाटल्या गेल्या. कॅम्बोर्न अँड रेड्रुथचा निर्णय 66 मतांनी लागला. 2015, 2017 व 2019 या तिन्ही निवडणुकांत सहाही जागा हुजूर पक्षाकडे गेल्या, जरी 2017 मध्ये सेंट आइव्ह्जचे मताधिक्य केवळ 312 होते. 2016 च्या सार्वमतात परगण्याने 56.5 टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. युरोपीय साहाय्यनिधीचा मोठा लाभ घेणाऱ्या प्रदेशाचा हा निर्णय अनेकांना अनपेक्षित वाटला. 2024 मध्ये मजूर पक्षाला चार व लिबरल डेमोक्रॅटांना दोन जागा मिळाल्या. हुजूर पक्षाची पाटी कोरी राहिली. वीस वर्षांच्या आत एकाच परगण्याचा नकाशा तीन वेळा रंग बदलतो, तेव्हा मतदारांचा स्वभाव बदलला असे म्हणण्यापूर्वी मोजणीच्या पद्धतीकडे पाहणे इष्ट.

आता सीमेचा प्रश्न. टेमर नदी ही कॉर्नवॉल व डेव्हन यांमधील जुनी सरहद्द होय. 2011 च्या कायद्याने सभासदसंख्या 600 करण्याचे व प्रत्येक मतदारसंघ सरासरीच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवण्याचे ठरवले. त्या हिशेबात कॉर्नवॉलला पूर्ण जागा बसेनात, आणि टेमर ओलांडणारा एक मतदारसंघ आखण्याची वेळ आली. 'डेव्हनवॉल' असे टोपणनाव देऊन स्थानिकांनी त्याविरुद्ध चळवळ केली. आइल ऑफ वाइट व स्कॉटलंडची काही बेटे यांना कायद्यानेच अपवाद केले होते. कॉर्नवॉलला तो लाभ मिळाला नाही. 2014 मध्ये कॉर्निश लोकांना युरोपीय कराराखाली राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली, तरी मतदारसंघांच्या कायद्यावर तिचा परिणाम झाला नाही. पक्ष म्हणून कॉर्निश अस्मितेचा पुरस्कार करणाऱ्या, 1951 मध्ये स्थापन झालेल्या मेबियन कर्नाऊला वेस्टमिन्स्टरची जागा कधीच जिंकता आलेली नाही. पण या एका प्रश्नावर सर्व पक्षांचे लोक एकत्र आले.

600 चा बेत अखेर अमलात आला नाही. 2020 च्या कायद्याने 650 ही संख्या कायम ठेवली व बहुतेक मतदारसंघांसाठी 69,724 ते 77,062 मतदार ही मर्यादा आली. कॉर्नवॉल व सिली बेटे मिळून सहा जागा या मर्यादेत बसल्या, म्हणून 2024 ची निवडणूक टेमरच्या अलीकडेच लढवली गेली. हे संरक्षण कायद्याचे नव्हे, भागाकाराचे आहे. पुढील पुनर्विलोकनाचा अहवाल 2031 च्या ऑक्टोबरपूर्वी व्हावयाचा असून तोपर्यंत मतदारांची संख्या सहाच्या पटीपासून दूर सरकली, तर नदी ओलांडण्याचा प्रस्ताव पुन्हा आयोगापुढे येईल.